कामगार जागेवर नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता सांगतेय म्हणून कुणी माझी कीव करू नका.

हिंगणघाटकडच्या एका सूतगिरणीत मी सुपरवायझर आहे. कापसाचे पेळू तयार करणारा विभाग माझा. त्या पेळूंचं सूत काढणाऱ्या मशीनवर शोभा असायची.

मग मशीनींना सेन्सर लागले. मशीन थांबली की स्क्रीन लाल व्हायची, आणि कारण, सूत काढणाऱ्या मशीनींचंही, मी निवडायचं. बाकीचे म्हणाले, ही कॉम्प्युटरची जासुसी. मला तसं कधीच वाटलं नाही. स्क्रीन सरळ विचारायची — का थांबली? सरळ सांगायला माझं काय जात होतं?

जात होतं. तेव्हा माझे पेळू खराब निघत होते, कुठे जाड, कुठे बारीक. शोभाचे धागे सारखे तुटायचे. खराब सूत पुढे जाऊ नये म्हणून ती मशीन बंद करून मला बोलवायची. बरोबरच करायची. पण 'पेळू खराब' निवडलं असतं, तर सगळं माझ्या विभागावर आलं असतं. मी 'कामगार जागेवर नाही' दाबलं. एकदा नाही — दर वेळी. ती माझ्यासमोर उभी असताना.

स्क्रीनवरच्या नोंदी पाहून साहेबांनी दोघींना बोलावलं. शोभा माझ्याकडे वळली.

"ताई, मी तं मशीनपाशीच होती. तुमीच पाह्यलं नं? मंग ही मशीन खोटं काऊन बोलून राह्यली?"

"स्क्रीन दाखवते तेच खरं, शोभा," मी म्हणाले.

तिला काढलं. मी पेळूची मशीन गुपचूप दुरुस्त करून घेतली. सूत सुधारलं, आणि नव्या यंत्रणेचं श्रेय मला देऊन साहेबांनी माझा सत्कार केला. मी हार घालून घेतला.

मजबुरी होती म्हणू? नव्हती. नोकरी गेली नसती. फार तर बोलणी बसली असती. माझ्या विभागाचं नाव वर होतं — ते मला वरच हवं होतं. कॉम्प्युटरला शिव्या देणाऱ्यांनो, त्याला सोडा. त्यानं फक्त विचारलं. खोटं मी बोलले.

शोभा आता जाम गावाच्या चौकात भाजी विकते. मी तिथे बसमधून उतरले की हाक मारते, चहा पाजते. त्या मशीननं माही नोकरी खाल्ली, म्हणते.

परवाही म्हणाली. मी चहा पीत मान डोलावली.