जिनोआकाकांचे बूट

रत्नागिरीत कुणी मारुती मंदिराचा रस्ता विचारला, तरी जिनोआकाका आधी इटलीतल्या जिनोआचा पत्ता सांगत. "तुम्ही तिकडे असता, तर कारंज्याच्या चौकातून सरळ धाडलं असतं. पुढे राजवाडेच राजवाडे!" विचारणारा बिचारा तोवर रिक्षाला हात करून मोकळा होई.

काका रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचे, माझे शेजारी. जन्मभर बोटीवर खलाशी होते. शंभर बंदरं बघितली, पण जीव जडला तो जिनोआच्या जुन्या गावावर. "चौक म्हणजे माणसांनी बसायची जागा रे. आपल्याकडे नुसते वाढदिवसाचे फलक! आणि गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरासमोरच्या राजांनी खिडकीतून कालवणाची वाटी द्यावी."

काकी मात्र एक अक्षर खरं मानत नसे. कारण होते बूट. एका सफरीहून काका अनवाणी परतले होते. त्यांचं म्हणणं, जांभ्याच्या रंगाच्या एका राजवाड्यात शिरताना संगमरवरी जिना पाहून त्यांनी बूट उंबऱ्याशी काढले, देवळात काढतात तसे. परत आले तर बूट गायब. तीन चौक अनवाणी तुडवत त्यांनी बंदर गाठलं.

"राजवाड्यात ह्यांना कोण घेतो? दारूत घालवले बूट," काकी म्हणे.

"पुळ्याच्या गणपतीची शपथ, थेंब घेतला नाही गो!"

"गणपतीला मध्ये आणू नका."

आम्ही हसायचो. काका हसत नसत. सगळं गाव खोटारडा म्हणालं तरी चालेल, हिने म्हणू नये, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

गेल्या वर्षी मी लेकीकडे इटलीला गेलो, तेव्हा मुद्दाम जिनोआला उतरलो आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मिऱ्यातल्या ओटीवर बसून मला चालवलं. "कारंजं आलं? आता डावीकडे. लाल भिंत दिसेल." दिसली. आत तो जिना, आरशासारखा लख्ख. काय सांगू, माझाही हात आपसूक बुटांकडे गेला. एक काढलासुद्धा, तोच रखवालदार हातवारे करत धावत आला.

काकी फोनमध्ये डोकं घालून बघत होती. मग म्हणाली, "एवढा मोठा वाडा, नि चपला काढायला पडवी नाही?"

आणि काकांकडे वळून, "चहा टाकू तुम्हाला?"

काकांचा चेहरा मला नीट दिसला नाही. फोन तसाच ओटीवर ठेवून ते तिच्यामागे आत गेले.

यंदा शिमग्यानंतर काका गेले. तेराव्याला दानात छत्री नि चपला देतात. काकीने बाजारातून काळे लेसचे बूट आणवले. मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. भटजींच्या हातात बूट ठेवत ती म्हणाली, "पोचते करा. आणि निरोप द्या, तिथल्या दारात काढू नका म्हणावं."