किरकोळ सुधारणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या ऑफिसातल्या सगळ्या भानगडी पाठ आहेत. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

भांडुपला आमच्या गावाचं मंडळ आहे. एक खोली, गणपतीचा फोटो, एक जुना कॉम्प्युटर. मी अंधेरीच्या कंपनीत वेबसाइट बनवतो, म्हणून मंडळाच्या वधू-वर सूचक विभागाची साइटही मीच बनवली, फुकटात. वार्षिक सत्यनारायणाला शाल-श्रीफळ मिळालं. मी फुशारलो — खोटं कशाला बोलू?

साइटवर एक खाजगी रकाना होता. आजारपण, घटस्फोट, असलं काही असेल तर तिथे लिहायचं. ते फक्त चिटणीस वाचणार. चिटणीस म्हणजे माझे चुलत काका, भाऊकाका. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. पूजेला गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, असा रिवाज. सगळ्यांच्या वतीने ते देवाशी बोलायचे आणि आम्ही मागून ‘होय म्हाराजा’ म्हणायचो. त्यांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर यायची नाही, म्हणून तर लोक त्या रकान्यात खरं लिहीत होते.

आता चूक. आपण लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक खूण देते, तिला कुकी म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तशी. बाहेर पडलात की बिल्ला रद्द व्हायला हवा. पण सारखा पासवर्ड कोण टाकणार, अशी म्हाताऱ्यांची कुरकुर, म्हणून मी ती कुकी खूप दिवस चालेल अशी केली. आणि लॉगआउटचं बटण दाबल्यावर ती रद्द करायचं — राहूनच गेलं. म्हणजे मंडळातल्या त्या एकाच कॉम्प्युटरवर तुमच्यानंतर जो बसेल, तो तुमच्या नावाने आत.

मला हे ठाऊक होतं का? होतं. एका रविवारी मीच साइट उघडली, तर समोर भलत्याच माणसाचं खातं. हसलो. म्हटलं, पुढच्या अपडेटमध्ये बघू. त्या शालीची घडीसुद्धा मोडली नव्हती — इतक्यात कोण सांगणार, की माझ्या साइटला भोक आहे?

मग शीतलचं झालं. गावातल्याच सुरेशदादाची मुलगी. लहानपणी तिला फिट्स यायच्या. मंडळात बसून तिने ते प्रामाणिकपणे लिहिलं, लॉगआउट केलं, घरी गेली. तिच्यानंतर कोण बसलं, देव जाणे. आठवडाभरात ते घरोघर पोचलं आणि जमत आलेलं लग्न मोडलं.

सभेत सुरेशदादा उभा राहिला. भाऊकाकांकडे बोट करून म्हणाला, “भाऊ, ह्या तुझ्याशिवाय कोणाक म्हायत होता?”

काका गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग रे. दुसरा कोण बघू शकता काय?”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “नाही काका. सिस्टिममध्ये काही प्रॉब्लेम नाही.”

त्याच दुपारी, जेवून, मी ते दुरुस्त केलं. चार ओळींचं काम होतं हो! अपडेटच्या नोंदीत लिहिलं — किरकोळ सुधारणा.

काकांनी मंडळाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि येणं बंद केलं. पुढच्या पूजेला गाऱ्हाणं दुसऱ्याने घातलं. कोणाकडून काही चुकला-माकला असेल तर पदरात घे, असं तो म्हणाला आणि सगळ्यांबरोबर मीही ‘होय म्हाराजा’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कसं म्हणवलं मला?

शीतलचं लग्न पुढे झालंच नाही. ती गोरेगावला एकटी राहते. भाऊकाकांचं नाव निघालं की उठून जाते, असं ऐकलं.

काका आजारी पडले तेव्हा भेटायला गेलो. त्यांचा मोबाइल सारखं अपडेट मागत होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. काकी आत चहा टाकत होत्या. काका हळूच म्हणाले, “त्या पोरीचा माझ्याच तोंडातून खंय तरी गेला असतला रे. वय झाला, आठवत नाय. मशीन काय खोटा बोलूचा नाय.”

मी मान खाली घालून अपडेट पूर्ण होईपर्यंत बसलो. मोबाइल परत दिला. चहा प्यायलो. त्यांच्या पाया पडून निघालो.

काका गेले ते स्वतःलाच दोषी समजून. आणि मी त्या दिवशी तिथे, त्यांच्या उशाशी बसलो होतो.