छातीवरचा शाळिग्राम

अन्याय एका बाईवर झालाय. तिचं नाव झिजून गेलंय, म्हणून तिच्या वतीने मी लिहितेय. पहिला अन्याय इजिप्तमध्ये, थडगं फोडणाऱ्यांनी केला. दुसरा २००६ च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये... माझ्या सख्ख्या मावशीच्या किचनमध्ये!

आधीच सांगते. भूत, करणी, साडेसाती, मी काही मानत नाही. पुण्यात कॉलेजात असताना बुवाबाजीविरुद्ध चौकाचौकात पत्रकं वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. इथेही ओक ट्री रोडवर ग्रहांच्या अंगठ्या विकणाऱ्याशी भांडून झालंय. तेव्हा 'बिचारी घाबरली असेल' वगैरे मला ऐकवू नका.

तर, काकांनी एका इस्टेट सेलमधून, म्हणजे गेलेल्या माणसाच्या घरचं सामान विकतात तिथून, पितळी घंटा आणली. त्याच खोक्यात एक दगड आला. काळपट हिरवा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. वर कोरलेल्या रेघा मावशीला चक्राच्या खुणा वाटल्या. शाळिग्राम! झालं. देवघरात बसवला. रोज ताम्हनात न्हाऊ घालायची, वर तुळस.

मावशीचा समीर इथेच जन्मलेला. त्याने दगड उलटा करून पाहिला. खाली पक्षी, डोळे, साप कोरलेले. फोटो त्याने कॉलेजातल्या प्रोफेसरना पाठवला, आणि त्या रविवारी जाहीर केलं, "मॉम, इट्स अ हार्ट स्कॅरब."

म्हणजे शेणाचा गोळा लोटणारा किडा. रोज सूर्याला वर ढकलणारा, म्हणून पुनर्जन्माची खूण. जुन्या इजिप्तमधली समजूत अशी, की मेल्यावर माणसाचं हृदय पिसाशी तोलतात, त्या वेळी त्याने आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून हा दगड प्रेताच्या छातीवर ठेवायचे. हा एका बाईसाठी कोरलेला, एवढंच प्रोफेसरना वाचता आलं, नाव झिजलं होतं.

"अगं बाई! किड्याला तुळस वाहिली मी?" मावशी म्हणाली. "पण समीर, तिच्या छातीवरून काढलाय रे हा. आपण मेलेल्या माणसाच्या अंगावरचं सोनं उतरवतो. तोंडातलं तुळशीपत्र कुणी काढतं का?"

"आय ऑलरेडी सोल्ड इट, मॉम. ऑनलाइन."

"धडधडतो रे तो! रोज हाताला लागतं माझ्या."

मी हसले. "मावशी, ती तुझीच नाडी. बोटांत लागते." आणि सिद्ध करायला काकांचं मनगटावरचं बीपी मशीन आणून दगडाला गुंडाळलं. एरर येणार, विषय संपणार.

मशीन घुरघुरलं. आकडे आले. पल्ससकट.

"माझ्यापेक्षा नॉर्मल आहे की!" काका म्हणाले.

मशीन बिघडलं असेल... खलबत्त्यातला बत्ता गुंडाळला. एरर. बटाटा. एरर. पुन्हा दगड. पल्स! समीरचा चेहरा उतरला, तरी सोमवारी त्याने पार्सल केलंच. "ताई यार, डील इज अ डील."

दगड गेला, तरी मावशी सवयीने रिकाम्या ताम्हनात पाणी घालत राहिली. ते पाणी मधोमध थरथरतं. थांबतं, थरथरतं. एका लयीत. यंत्रांची थरथर असेल म्हणून मी ड्रायर बंद केला, फ्रिजची वायर काढली. ताम्हन गराजच्या फरशीवर ठेवलं. शेवटी आयसेलिनला माझ्या अपार्टमेंटवर आणलं. तेच! हे लिहिताना ते शेजारी आहे, आणि मी त्याकडे पाठ करून बसलेय. स्पष्टीकरण नाही माझ्याकडे. याचा मला भयंकर राग येतो.

पण चोरीचा माल म्हणजे काय, ते कळायला मला स्पष्टीकरण लागत नाही. दगड विकत घेणारा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या क्युपर्टिनोचा. समीर म्हणतो, आडनाव आपल्यातलंच, आणि 'नाइस पीस फॉर माय डेस्क' असं कळवलंय. मावशीने दगड परत मागितला, त्याला उत्तर नाही. म्हणून इथे मराठीत जाहीर लिहितेय. दगड घेणारे तुम्ही हे वाचत असालच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तो मी पत्रकातही कधी मागितला नाही. दगड मुठीत धरा. दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी बघा. दोन्ही जुळतात का, तपासा. आणि जुळोत न जुळोत, तो इजिप्तच्या वकिलातीत पोचवा. तुमच्या डेस्कवरचा नाही तो, तिच्या छातीवरचा आहे. या आठवड्यात पाठवा.