खोळीची दोन टोकं

मारेगावात हजराबीचं काम कापूस पिंजून गाद्या भरायचं, पण नाव झालं ते भांडणं मिटवण्यात. कुणाकडे भावाभावांत बिनसलं, सासू-सुनेचा अबोला लागला, की त्या घरची जुनी गादी नेमकी तेव्हाच उसवायला निघायची.

तिची रीत ठरलेली. खोळीची दोन टोकं भांडणाऱ्या दोघांच्या हाती द्यायची आणि आपण कापूस भरायला बसायचं. तोवर एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. टोक सुटलं तर सगळा कापूस काढून पुन्हा पहिल्यापासून! "हात गुंतले म्हंजे मारता येत नाई," ती हसून म्हणायची. काय दिवस होते ते! नवरा अंगणात धनुकलीने कापूस पिंजायचा, तिच्या ताणलेल्या तातीचा टणटण आवाज गल्लीभर जायचा आणि बाया आपापली गाऱ्हाणी घेऊन ओसरीवर टेकायच्या. आता लोक फोमच्या गाद्या आणतात आणि भांडणं कोर्टात नेतात. नेवोत बापडे!

पण दिव्याखाली अंधार तो तिच्याच घरात. नासिर आणि शाहिद, पोटची दोन पोरं, चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. बाप गेल्यावर नासिरने त्याची धनुकली भंगारात घातली, एवढंच निमित्त. शाहिदने पांढरकवड्याला गॅरेज टाकलं. ईदला यायचा तोही भाऊ बाहेर पडल्यावर. दोघांना एका दस्तरखानावर जेवताना पाहायचं, एवढीच हजराबीची आस उरली होती.

यंदा ईदला गावातले वडीलधारे मारोतराव आले, खोळ आणि पिंजलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन. वीस वर्षांपूर्वी याच बाईने त्यांना सख्ख्या भावाशी बोलतं केलं होतं. शाहिद शिरखुर्मा पीत होता. नुकत्याच बाहेर पडलेल्या नासिरला त्यांनी गल्लीतून दंड धरून आत आणलं.

"धरा रे टोकं. आज मी भरतो."

मारोतरावांचा शब्द कोण मोडणार? दोघांनी धरली.

"अब्बाची धनुकली भंगारात टाकतानी तुले काहीच नाई वाटलं?" शाहिदने विचारलं.

नासिरची मान खाली, टोक मात्र घट्ट धरलेलं.

जन्मभर दुसऱ्यांना बोलायला लावलं आणि आपण तोंड शिवून बसलो, याची हजराबीला लाज वाटली.

"त्याले काय इचारतं, शाहिद? मीच सांगतलं होतं त्याले. भिंतीवर ते धनुकली दिसली का तुह्या अब्बाचा आवाज कानात यायचा. मले सहन होत नव्हतं. म्हटलं, घेऊन जाय, न् कोणाले सांगू नोको. मंग तुमचं वाढत गेलं, न् माही जीभच उचलली नाई."

शाहिदच्या हातातलं टोक सुटलं. कापूस ओसरीभर पसरला.

"चार वर्सं बोलणे खाल्ले तू," तो भावाला म्हणाला. "काहून?"



"टोक सोडलं तू," नासिर म्हणाला. "आता पयल्यापासून."

शाहिदने बाहीने डोळे पुसले आणि वाकून टोक उचललं. हजराबी दस्तरखान काढायला आत गेली.