गळतीखालचा पत्रा

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मिस्त्री हात जोडत आणि म्हणत, "चूक आपलीच हाय."

गाडी कुणाची आणि बिघाड कसला, याच्याशी या म्हणण्याचा संबंध नसे. ट्रकवाल्याने वर्षभर तेल बदललेलं नसलं, तर त्याला आठवण केली नाही म्हणून चूक मिस्त्रींची. माझ्या मोपेडच्या चाकात खिळा घुसला, तेव्हाही ते म्हणाले, "त्या रस्त्यानं जाऊ नका, गुरुजी, असं म्हणायला पाह्यजे व्हतं मी."

"जाऊ द्या, मिस्त्री," असं आपण म्हणायचं. ते हसायचे आणि कामाला लागायचे. तेव्हा मी शहागडच्या शाळेत शिकवत होतो. गावात चुका पुष्कळ होत आणि त्या घ्यायला कुणी पुढे येत नसे. मिस्त्रींमुळे मोठी सोय झाली होती.

कोंडिबा नावाडी त्यांचा लहानपणचा दोस्त. संध्याकाळी वल्ही खांद्यावर टाकून तो गॅरेजात चहाला येई.

"लेका, गोदेला पूर आल्ता, ती बी चूक तुझीच का?"

"असंल बाबा. बघावं लागंल."

पुढाऱ्यांनी कुठल्याशा धरणावरची जुनी लाँच लिलावात घेतली, ती त्या सुमारास. पुलाचा वळसा टळणार होता आणि ती चालवणार होता कोंडिबा. आयुष्यभर वल्ही मारून त्याचे खांदे झिजले होते. "आता बटन दाबायचं अन् बसायचं," असं तो येईल त्याला सांगत होता. लाँचवर देणगीदारांची नावं रंगवली गेली. ती लाँचच्या नावापेक्षा मोठी होती. इंजिन मात्र सुरू होत नव्हतं.

मिस्त्रींनी लाँचच्या पोटातलं लाकडी झाकण उघडलं, हात जोडले. कार्बोरेटर कुजला होता, स्पार्क मिळत नव्हता. तसले भाग कुठे मिळेनात, तेव्हा जालन्याच्या भंगारातून त्यांनी जीपचा कार्बोरेटर आणला, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरही जीपचेच. जुन्या कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळी जाळी होती. खाली पत्र्याची एक उथळ ताटली होती.

"हे कशाला ठिवलं आसंल?" ते म्हणाले. "उगं वारं आडतंय." दोन्ही काढून त्यांनी पोत्यात टाकलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. कोंडिबाने त्यांना मिठी मारली.

उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर बोलत राहिले. लाँच घाटाशी उन्हात उभी होती आणि झाकणाखाली कार्बोरेटरमधून पेट्रोल थेंब थेंब गळून साचत होतं. भाषण ऐन रंगात असताना कोंडिबा इंजिन गरम करून ठेवावं म्हणून आत गेला. त्याने बटण दाबलं.

भप्पकन आवाज झाला. झाकण पेटून उठलं. ते त्याने दोन्ही हातांनी उचलून नदीत फेकलं आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. लाँचमध्ये तो एकटाच होता. लांबलेल्या भाषणाचा लोकांना झालेला फायदा मी तेवढाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पोत्यातला तो पत्रा मांडीवर घेऊन बसले होते.

"गाडीत गळालं तं रस्त्यावर पडतं, गुरुजी," ते म्हणाले. "नावंत गळालेलं कुठं जाईल?"

मी वाट पाहिली. गॅरेजात बसलेले सगळेच वाट पाहत होते. ते नेहमीचे तीन शब्द काही आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच, कुणासमोरच नाही. पंक्चरच्या वेळीही नाही. लोक म्हणाले, खरी चूक झाली तेव्हा बराबर गप्प बसला. मलाही तसंच वाटलं होतं.

कोंडिबाची भाजलेली बोटं एकमेकांना चिकटून राहिली. वल्हं पुन्हा हातात आलं नाही. मिस्त्री रोज सकाळी जाऊन त्याची दाढी करत आणि दुपारी घास भरवत.

"हळू. कार्बोरेटर न्हाई, तोंड हाय माझं," कोंडिबा म्हणे. मिस्त्री मान खाली घालून पुढचा घास कालवत.

आणि गॅरेजात येईल त्या पेट्रोलच्या गाडीला, मागितलं नसताना, ते कार्बोरेटरखाली एक पत्रा बसवू लागले. कडा वर वळवलेला, ताटलीसारखा. लोक हसले, मग सवय झाली.

मिस्त्री गेल्यानंतर कोंडिबा आणि मी पुलाजवळच्या हॉटेलात बसलो होतो. मी विचारलं, "इतक्या वर्षांत तुला तरी कधी म्हणाले का, चूक माझी?"

"न्हाई." त्याने दोन्ही तळव्यांत कप धरला होता. "म्हणला आसता तं मी 'जाऊ दे' म्हणलो आसतो. त्याला म्हाईत व्हतं."

आष्टीकडची एक जुनी जीप समोर थांबली. ड्रायव्हरने पाणी घालायला बॉनेट उघडलं. कार्बोरेटरखाली वळवलेल्या कडांचा पत्रा होता.

"लई खुळखुळ करून राह्यला हा," ड्रायव्हर म्हणाला. "काढून फेकतो आता."

कोंडिबा उठला. वाकून त्याने चिकटलेली बोटं पत्र्यावरून फिरवली आणि नाकाशी नेली.

"कोरडा हाय," तो म्हणाला. "राहू दे."