‘काही नाही’ म्हणायचं नाही

अगं ए,

गटाला दहा वर्षं झाली म्हणून अंक निघतोय, आणि त्यात तुझ्यावर मी लिहायचं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. विचारलं असेल तर मला ऐकू आलं नसेल. तेव्हा आता गुपचूप बस आणि वाच. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगणार आहे, कारण अंक बाहेरचेही वाचतील. मधेमधे ‘बाई, हे कशाला लिहिलंत’ करायचं नाही.

आमचा गट बहिऱ्यांचा. ‘श्रवणबाधित’ वगैरे गटातले बँकवाले काका लिहितात. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मला उगीच लांबण लावलेली खपत नाही. आमच्यातल्या बहुतेकांचे कान अर्ध्या वाटेत गेले. नोकरी, संसार, भांडणं, सगळं ऐकण्याच्या जोरावर चाललेलं असतं आणि मग एकेक आवाज गळायला लागतो. मोबाईलवरच्या या गटात आम्ही लिहून बोलतो. इथे कुणी कानाशी येऊन ओरडत नाही. मशीन कुठलं घ्यावं, डॉक्टर काय म्हणाले, सून पाठ करून का बोलते, सगळे विषय चालतात. आणि हे सांभाळतेस तू, जिला शेजारच्या घरातला नळ ठिबकलेला ऐकू येतो.

तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस. पुढे आरसे, काचेची कपाटं आणि गोडबोल्या मालक. मागच्या खोलीत तू, एक उंच स्टूल आणि काचा घासायचं यंत्र. काच चाकाला लावली की पाणी ठिबकतं, पांढरा गाळ खाली साठतो, आणि काच फ्रेमच्या आकाराला येईपर्यंत तुझे हात मोकळे. तेवढ्यात तू ड्रॉवर ओढून मोबाईल बघतेस. मालकाला वाटतं, ही डबा उघडते. सारखा डबा उघडणारी बाई इतकी काटकुळी कशी, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही.

गट तू काढलास तो आईसाठी. आजारपणात तिचे कान गेले तेव्हा तू शाळेत होतीस. पुढे तू दिवसभर दुकानात आणि म्हातारी घरात एकटी. दुपारी तिच्याशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून तू हुडकून हुडकून पाचसात जण जमवलेस. त्याचे आता काही शे झालेत. आई जाऊन तीन वर्षं झाली, तू मात्र गटातच राहिलीस. घरी जाऊन कुलूप उघडायचं आणि गटात येऊन बसायचं. दुसरं तुला कोण होतं? हे लिहिणार होते म्हणूनच सुरुवातीला बजावलं, चिडू नकोस.

नवा माणूस आला की तू त्याला नाव, गाव, वय काही विचारत नाहीस. एकच विचारतेस, “तुमचा पहिला आवाज कुठला गेला?” मला विचारलंस तेव्हा मी लिहिलं होतं, मागच्या बाकावरची कुजबुज. वर्ग एकाएकी सुधारला म्हणून मी दोन वर्षं खूश होते. त्यावर गट इतका हसला की दुसऱ्या दिवसापासून मी इथलीच झाले. कुणाचं घड्याळ गेलेलं असतं, कुणाचा दूर खोलीत रडणारा नातू. त्या एका उत्तरातून माणूस आत येतो.

ड्रायव्हर आले, पण असे आले नाहीत. बस चालवायचे. कान गेले म्हणून त्यांना आगारात बस धुवायला लावलेलं. तुझा प्रश्न वाचून त्यांनी लिहिलं, “चौकशा कसल्या करता? मशीन कुठलं चांगलं ते सांगा आणि मोकळं करा.” बँकवाले काका निवृत्त झाले तरी काउंटरवरून उठलेले नाहीत. ते म्हणाले, “आधी प्रश्नाचं उत्तर. इथली पद्धत आहे.” ड्रायव्हर म्हणाले, “बहिऱ्यांच्या बाजारात आलो, तर इथेही साहेब!” त्यावर काकांनी लिहू नये ते लिहिलं, “ड्रायव्हर लोकांकडून दुसरी काय अपेक्षा.”

तू यंत्रावर काच लावलीस, ड्रॉवर ओढलास, हे वाचलंस आणि कुणाला दिसू नये म्हणून सगळंच्या सगळं झाकून टाकलंस.

संध्याकाळी जो तो विचारायला लागला. काय झालं? कुणी काय लिहिलं होतं? आणि तू उत्तर दिलंस, “काही नाही.”

बाहेरच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. त्यांच्यासाठी सांगते. चार माणसं जेवताना खदाखदा हसतात. आपण विचारतो, काय झालं? उत्तर येतं, काही नाही, सांगतो नंतर. ते नंतर कधी येत नाही. आम्हा बहिऱ्यांना शिव्या चालतात, ‘काही नाही’ चालत नाही. घरोघरी तेच ऐकून, म्हणजे न ऐकून, आम्ही तुझ्या गटात आलो होतो.

भडका उडाला. वर्षानुवर्षं तुझ्या मायेत वाढलेली माणसं तुझ्यावर तुटून पडली. ड्रायव्हरांना तर आयतंच सापडलं. त्यांनी विचारलं, “तुम्हाला ऐकू येतं ना? मग आमच्यात पंच कशाला?” आणि त्याला भराभर अंगठे आले. माझ्या ओळखीचे अंगठे!

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दुकानात आले. मालक म्हणाला, नंबर वाढला का? मी म्हटलं, पारा वाढलाय, आणि सरळ मागे गेले. तू यंत्र बंद केलंस आणि सवयीने तोंड उजेडाकडे केलंस, मला ओठ दिसावेत म्हणून.

“‘काही नाही’ लिहिलंस?”

“भांडण होतं हो, बाई. वाचून सगळ्यांना त्रास झाला असता.”

“त्रास आमचा आहे. तो आम्हाला मिळायला नको?”

तू ओल्या फडक्याने चाक पुसत राहिलीस. चाक स्वच्छ होतं. मग म्हणालीस, “लहानपणी मी आईला पाटीवर लिहून द्यायचे. बाबा चिडून काहीतरी बोलायचे, मी मवाळ करून लिहायचे.”

“आणि तिला खरं वाटायचं?”

“छे! म्हणायची, त्यांचं तोंड मला दिसतंय, तू काय लिहितेस?”

“मग तरी शहाणी झाली नाहीस?”

“पाटी पुसायची सवय लागली हो हाताला.” मग तू विचारलंस, “बाई, मला काढतील का?”

खोटं मला येत नाही. म्हटलं, “काढतीलही.”

बाहेरून मालक ओरडला असावा, कारण तू दचकलीस आणि काच उचललीस.

दुपारी तू झाकलेलं सगळं उघडलंस. त्याआधी काकांनी तुला एकटीला लिहिलं होतं, “माझं तेवढं वाक्य राहू दे ना झाकलेलं.” तू म्हणालीस, “नाही काका, तुमचंही.” मग खाली लिहिलंस, “हे मी लपवलं होतं. वर ‘काही नाही’ म्हणाले. यापुढे इथे काहीही पुसलं जाणार नाही. ज्याने लिहिलं त्यानेच खाली येऊन निस्तरायचं. मला ऐकू येतं. मी राहू की जाऊ, ते तुम्ही सांगा.”

आणि सगळे गप्प! एरवी सुनेच्या कालवणात मीठ कमी पडलं तरी पन्नास मतं येतात. मी लिहायला घेतलं होतं, पण तूच बजावलं होतंस, “बाई, तुम्ही माझी बाजू घ्यायची नाही. तुम्ही बाजू घेतली की समोरचा हट्टाला पेटतो.” हे खरं असल्यामुळे मला जास्त राग आला.

पहिल्यांदा काका आले. “सदर विधान अनुचित होते. ते मी बिनशर्त मागे घेत आहे.”

ड्रायव्हरांनी लिहिलं, “सदर गृहस्थ माणूस बरा दिसतो.”

मग तेच पुढे म्हणाले, “माझी कंडक्टरची घंटी गेली. निघायच्या दोन घंट्या झाल्या तरी मी थांबूनच. लोक दार बडवायचे.” आणि त्याखाली तुला, “ताई, तुम्ही राहा. पण तुम्ही सगळ्यांना विचारता, तुम्हाला कुणी विचारलंय का? तुमचा कुठला गेला?”

तुझं उत्तर यायला उशीर लागला. यंत्रावर काच नव्हती, मी नंतर विचारलं. तू लिहिलंस, “आईचा. ती फार मोठ्याने बोलायची, तिला कळायचं नाही. मी सारखी म्हणायचे, हळू बोल, लोक ऐकतात. आता घरात सगळं हळूच आहे.”

तुला काढायचा विषय त्यानंतर निघाला नाही. नव्यांना आता ड्रायव्हरही प्रश्न विचारतात, थोडं दरडावून. लोक घाबरून का होईना, उत्तर देतात. भांडणं होतात, तशीच उघडी पडून राहतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी भांडणाऱ्यालाच आपलं वाचवत नाही.

एक काम तेवढं राहिलंय. ड्रायव्हरांची बायको कामाला जाते, दाराशी कोण आलं ते त्यांना कळत नाही, माणसं परत जातात. तू आपणहून म्हणालीस की आईची घंटा आहे, बटण दाबलं की घरात दिवा लागतो, ती आपण दोघी त्यांना नेऊन देऊ. भिंतीवरून काढायला पेचकस मी आणायचा ठरलं. मी आणला. पिशवीत होता. तुझ्या घरी तू चहा केलास, आपण आईच्या खुर्चीसमोर बसून काकांची टवाळी केली, आणि उठताना तू भिंतीकडे बघितलं नाहीस, मीही पिशवीत हात घातला नाही. पुढच्या खेपेला तेच झालं. ड्रायव्हर दार नुसतं लोटून बसतात म्हणे. घंटेचं त्यांनी विचारलेलं नाही, आणि आपण अजून गेलेलो नाही.