इंजिनाची तहान ओळखणारे प्रभाकरराव

प्रभाकरराव सोनटक्के यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. साठीच्या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं संपादक मंडळाने मला आधीच सुचवलं आहे. पण दुसरी कुठली सुरुवात माझ्याकडे नाही, आणि प्रभाकररावांना खोटं स्तुतिपर काही लिहिलेलं चालणारही नाही. खरं स्तुतिपर मात्र ते दोनदा वाचून घेतील.

आम्ही तेव्हा कुवेतमधल्या रिग्गई भागात नुकतेच राहायला आलो होतो. मी बँकेच्या संगणक विभागात नोकरीला, आणि नोकरीबाहेर हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून सायकलला बसवायचं एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन मागवून घेतलं होतं. पुस्तिका वाचून मी ते स्वतः बसवलं. उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये ते सुरूही केलं. इंजिन गुडगुडायचं, ठसके द्यायचं, निळा धूर सोडायचं आणि मूठ पिळली की मान टाकायचं. इमारतीचा हारिस, म्हणजे आपला रखवालदार, डोक्यावरच्या गुत्र्याचं, म्हणजे अरबी फडक्याचं, टोक नाकाला लावून माझ्याकडे बघत उभा होता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अस्सल लातुरी आवाज आला, "ओ मॅडम, बंद करा ते! बुडून मरायलंय बिचारं!"

वरून कुणी सूचना दिलेल्या मला आवडत नाहीत, आणि मजल्यावरून दिलेल्या तर मुळीच नाहीत. मी विचारलं, "तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाही. अकाउंटंट आहे. पण कान आहेत की मला!"

पायजमा-बनियनवर ते खाली आले. इंजिनाला हात न लावता त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला धारेवर धरलं. "हे इंजिन थंड हवेच्या हिशेबानं जुळवून पाठवलंय. इथली हवा तापून पातळ झालेली. हवा कमी अन् पेट्रोल तेवढंच. नाकातोंडात पेट्रोल जायलंय त्याच्या." मी वैतागून स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "इंजिन तुमचं, हात तुमचा. मी फक्त सांगणार."

हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या पोटात एक बारीक सुई असते. तिच्यावर खाचा असतात आणि त्यातल्या एका खाचेत चिमुकली क्लिप बसवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी जातं. क्लिप खालच्या खाचेत आणली की सुई वर उठते आणि पेट्रोल जास्त जातं. एवढंच त्यातलं शास्त्र, पण त्या दिवशी मला तेवढंही ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी क्लिप एक खाच वर सरकवली. पुन्हा सुरू केल्यावर इंजिन एकदाच खोकलं आणि मग असं सलग, गोड वाजायला लागलं की मी पार्किंगमध्ये ओरडलेच. प्रभाकरराव म्हणाले, "बघा, हसायलंय." तेव्हापासून मी त्यांची शिष्या आहे, आणि आमचं भांडणही तेव्हापासून अखंड चालू आहे.

प्रभाकररावांच्या वडिलांचं लातुरात मोपेड दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि दुकानात बसायचं, असं त्यांचं बालपण गेलं. पुढे ते वाणिज्य शाखेत शिकले, कुवेतला आले आणि एका बांधकाम कंपनीत मुख्य लेखापाल झाले. त्यांच्या कार्यालयातली मंडळी त्यांच्याविषयी या ग्रंथात लिहितीलच. आम्हांला माहीत आहेत ते शुक्रवारचे प्रभाकरराव. शहराबाहेर सुलैबियात दाऊदभाईंची सुट्या भागांची शेड आहे. दाऊदभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, अत्यंत शांत गृहस्थ. त्यांच्या शेडच्या एका कोपऱ्यात प्रभाकररावांची हत्यारांची हिरवी पेटी असायची आणि दर शुक्रवारी तिच्याभोवती इंजिनवाल्या सायकली घेऊन आमचं मंडळ जमायचं. या सायकली आम्ही रस्त्यावर काढत नाही. शेडमागच्या आवारात आणि हिवाळ्यात वाळवंटातल्या छावणीवर, एवढंच आमचं साम्राज्य.

नम्रता हा गुण मी प्रभाकररावांमध्ये पुष्कळ शोधला. तो नाही. "आख्ख्या आखातात माझ्यासारखा कान कुणाचा नाही" हे वाक्य त्यांनी प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलेलं आहे. गंमत म्हणजे आम्हांला ते पटायचं. इंजिन शेडच्या फाटकातून आत यायच्या आधीच ते सांगायचे, "सुकं वाजायलंय, ह्याला तहान लागलीय," किंवा "ओलं आहे, पाणी जास्त झालंय." पाणी म्हणजे अर्थातच पेट्रोल. पण स्वतःच्या सायकलीखेरीज दुसऱ्याच्या स्क्रूला त्यांनी कधी हात लावला नाही. मालकाने फिरवायचं आणि त्यांनी ऐकायचं, हा त्या शेडचा कायदाच होता. दुसरा कायदा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्यातल्या एका बँकवाल्या मित्राने घाईघाईत सुईची क्लिपही हलवली आणि मंद गतीचा स्क्रूही पिळला. इंजिन उत्तम चालायला लागलं आणि तो टाळीसाठी हात पुढे करून उभा राहिला. प्रभाकररावांनी त्याला दोन्ही होतं तसं परत करायला लावलं. "आता बरं झालं ते कशानं झालं, सांगा बघू? नाही ना सांगता येत? मग ते बरं झालेलंच नाही." त्या मित्राची सगळी सकाळ गेली, पण आज शेडमध्ये नवख्यांना तोच शिकवतो.

त्यांच्या मायेची तऱ्हाही अशीच आडवळणाची. माझ्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, तेव्हा मी रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात एकटी बसले होते. मुलगी पुण्याला, सासूबाईंना कळवलेलं नव्हतं. प्रभाकरराव आले. धीर देणारं एक वाक्य बोलले नाहीत. खिशातून मोठा रुमाल काढून त्यांनी माझ्या मांडीवर सोडला, तर त्यात धुऊन वाळवलेला एक सुटा कार्ब्युरेटर. "हा जोडा. मला घाई आहे." कुणाचा होता आणि कसली घाई होती, देव जाणे. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या. मी सुई घातली, स्प्रिंग बसवली, चुकलं, पुन्हा काढलं. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगेपर्यंत कार्ब्युरेटर नीट जोडून झाला होता. त्यांच्या पत्नी विमलवहिनी संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या, तेव्हा म्हणाल्या, "सकाळपासून दार झाकून ते यंत्र घासत बसले होते हो. मला वाटलं, ह्यांनाच काहीतरी झालंय." त्या दिवशी मला वडिलांची आठवण आली, आणि प्रभाकररावांना हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

गेल्या पावसाळी दिवसांत, म्हणजे भारतातल्या पावसाळ्यात आणि आमच्या इथल्या भट्टीत, दाऊदभाईंनी नवं इंजिन आणलं. ते स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदाच काही हौसेचं घेत होते. त्या दिवशी शेडमध्ये ते दोघंच होते. प्रभाकररावांनी ऐकलं, दाऊदभाईंनी क्लिप हलवली, प्रभाकरराव म्हणाले, "गोड! आता हात लावू नका." आवारात चौथ्या फेरीला इंजिन जागच्या जागी जाम झालं. उघडलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. पेट्रोल कमी पडून इंजिन तापत गेलं होतं. ते आधी नक्की चिरक्या आवाजात रडलं असणार, आणि प्रभाकररावांना ते ऐकूच आलं नव्हतं.

वहिनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. वयामुळे वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत, बोललेलं ऐकू येईल, पण बारीक शीळ, चिरका सूर आता ऐकू येणार नाही, असं निदान झालं. तहानलेलं इंजिन बरोबर त्याच पट्टीत ओरडतं. म्हणजे जे इंजिन आम्हांला किंचाळताना ऐकू यायचं, ते त्यांना गोडच वाटणार होतं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी हिरवी पेटी उचलून दाऊदभाईंच्या हातात दिली. "खलास. ज्याला पाहिजे त्याला देऊन टाका." दाऊदभाईंनी फार समजावलं. "राव, एक इंजिन गेला, दुसरा येईल. त्यात काय एवढा?" प्रभाकरराव ऐकेनात. शुक्रवारी ते घरी बसू लागले. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "दिवसभर टीव्हीसमोर असतात आणि टीव्ही बंद असतो गं." लातूरला परत जायच्या गोष्टी सुरू झाल्या. साठीला आलेला माणूस गावी जातो, त्यात वावगं काही नाही. पण हरून जाणं वेगळं. माझा संताप होत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

जानेवारीत आमची छावणी लागली. वाळवंटात तंबू, शेगडीवर दुधात आटवलेला करक चहा, आणि तंबूंमागचा तो लांब, अवघड मातीचा चढ, ज्याच्यावर दरवर्षी सायकली चढवायच्या. वहिनींच्या आग्रहाने प्रभाकरराव आले, तेही पाहुण्यासारखे. त्यांची जुनी सायकल दाऊदभाईंनीच टेम्पोत घालून आणली होती. मंडळातल्या पोरांनी "कमॉन काका, वन राऊंड!" असा गलका केला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी ती सुरू केली.

सकाळची बोचरी थंडी होती. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून छावणीवर येण्याआधी प्रत्येकाने सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायची, हे आम्हांला प्रभाकररावांनीच शिकवलेलं. स्वतःची सायकल मात्र त्यांनी उन्हाळ्यापासून उघडलीच नव्हती. मूठ पिळल्याबरोबर इंजिन बारीक, चिरक्या सुरात किंचाळलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे चहाच्या पेल्यात बघू लागले. प्रभाकररावांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांना वाटत होतं, आपलं इंजिन गातंय.

मी पुढे होऊन त्यांचं इंजिन बंद केलं.

"सुकं वाजतंय," मी म्हटलं.

"नाही."

"तहान लागलीय त्याला. चढावर नेलंत तर मरेल."

"तुम्ही शिकवायलात मला?" त्यांचा आवाज चढला. "कालपर्यंत चोक कुठला ते ठाऊक नव्हतं तुम्हांला!"

"हो, शिकवते. तुम्हीच शिकवलंय, तेच. माझं खरं मानू नका. प्लग बघा."

ठिणगी पाडणारा प्लग खोटं बोलत नाही, हेही वाक्य त्यांचंच. इंजिन पूर्ण जोरात पळवायचं, तसंच पळतं असताना झटक्यात बंद करायचं आणि प्लग काढून टोकाचा रंग बघायचा. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी. फिकट तपकिरी, करक चहासारखा, असेल तर बरोबर. शेवटी सपाटीवर थोडंसंच अंतर सुसाट जाऊन प्रभाकररावांनी इंजिन झटक्यात बंद केलं आणि सायकल ढकलत परत आले. फडक्यात धरून प्लग काढला. टोक राखेसारखं पांढरं होतं.

वहिनींनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. प्रभाकररावांनी ते पांढरं टोक फडक्याने पुसून पाहिलं, आणि मला वाटलं, आता हे प्लग टाकून टेम्पोत जाऊन बसतील. पण ते दाऊदभाईंकडे वळले.

"दाऊद, माझी पेटी कुणाला दिली?"

"कुनाला देनार? गाडीतच हाय. उघडली पन नाय मी."

"आणा इकडं."

मग त्यांनी मला समोर बसवलं. "इंजिन माझं, हात माझा. तुम्ही ऐका. आणि नीट सांगा, लाजू नका." स्वतः सुई काढून क्लिप त्यांनी एक खाच खाली घेतली. इंजिन सुरू केलं. एक तळवा फ्रेमवर ठेवला आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "किंचाळणं गेलं, पण अजून कोरडं आहे." ते म्हणाले, "हाताला बारीक झिणझिण्या यायल्यात. एवढ्या नको." आणखी एक खाच. पुन्हा सपाटीवर पळवणं, पुन्हा प्लग. त्यांनी तो उन्हात धरला आणि शेगडीवरच्या पातेल्याशेजारी नेला. तोच रंग!

चढाकडे निघताना त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि कुणाकडेही बघितलं नाही. अर्ध्या चढावर, जिथे दरवर्षी निम्म्या सायकली दम सोडतात, तिथे इंजिनाचा सूर जरासा खाली आला. त्यांनी मूठ तसूभर सैल केली, तळवा टाकीला लावला, इंजिनाला श्वास घेऊ दिला आणि पुन्हा पिळली. सायकल वर गेली. माथ्यावर जाऊन ते थांबले, दोन्ही हात वर केले आणि एवढ्या जोरात ओरडले की खाली चहा ओतणाऱ्याचा हात हलला. पोरं चढावर धावत सुटली. शांत दाऊदभाई रुमालाने डोळे पुसत होते आणि वर हात करून "यल्ला, राव, यल्ला! चला!" असं ओरडत होते. वहिनी हसत होत्या, रडत होत्या. मी तर सांगण्याच्या पलीकडे होते. खाली आल्यावर प्रभाकरराव पहिलं वाक्य बोलले, "आख्ख्या आखातात माझ्यासारखा हात कुणाचा नाही."

आता दर शुक्रवारी सुलैबियात पुन्हा गर्दी असते. तळव्याने आणि प्लगच्या रंगाने इंजिन जुळवायची रीत प्रभाकररावांनी इतकी पक्की केली आहे की ऐकू येणारे आम्हीसुद्धा आता तळवा टेकवतो. दाऊदभाईंच्या इंजिनात नवा पिस्टन पडला आणि ते उत्तम चालतं. लातूरची तिकिटं निघाली, पण सुट्टीची आणि परतीची.

प्रभाकरराव, साठ वर्षं पूर्ण केलीत, अभिनंदन. पुढची चाळीस आम्हांला हवी आहेत, तीही धडधाकट, गुडघे शाबूत आणि साखर ताब्यात ठेवून, वहिनींच्या धाकात. तुमच्या तळव्याची ऊब आणि जिभेची धार अशीच राहो. कानांची काळजी करू नका. ते आम्ही आहोत.